बाबांच्या रायफलीचा दस्ता

तिसरा दस्ताही बाबांनी नापास केला, तेव्हा मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटला आणि म्हटलं, की आता जंगलातून झाडच उपटून आणते, तुम्हीच बसा कोरत. बाबांनी टोस्टला लोणी लावलं, खिडकीबाहेर बघत तो खाल्ला आणि बशी धुऊन ठेवली. माझ्या बाबांशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडायचं, फरक एवढाच की भिंत निदान नाक मुरडत नाही.

बाबा म्हणजे एल्वुड श्रेफलर, वय एक्याऐंशी. मी त्यांची एकुलती एक मुलगी, डार्लीन. शाळेची बस चालवते, त्यामुळे न ऐकणाऱ्यांची मला सवय आहे. पण बसमधली पोरं निदान आरशातून डोळे वटारले की जागेवर बसतात.

रायफलीचं बाकी सगळं शाबूत होतं. नळी, चाप, गोळी आत ढकलणारा बोल्ट, वर बसवलेली दुर्बीण, कशालाही ओरखडा नव्हता. मोडलं होतं ते लाकूड, ज्यावर गाल टेकायचा आणि जे खांद्याला लावायचं, तो दस्ता. मूठ धरतात तिथं, मानेवरच, त्याचे दोन तुकडे झाले होते. गेल्या डिसेंबरात शिकारीचा मोसम संपवून परत निघताना बाबांनी रायफल ट्रकला टेकवून ठेवली, विसरले आणि गाडी मागे घेतली. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात दर वर्षी कुणी ना कुणी हा पराक्रम करतोच, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. बाबांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले, तेही हसले.

मला मात्र हसू येत नव्हतं. त्याआधीच्या वसंतात आई गेली होती, आणि तेव्हापासून बाबा जगत होते ते फक्त सकाळ झाली म्हणून. बागेत काही लावलं नाही, चर्चच्या जेवणांना जाणं सोडलं, पत्त्यांचा अड्डा सोडला. डोंगरातला आमचा शिकारीचा कॅम्प तेवढा उरला होता. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्यानंतरचा शनिवार हा हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे नळ गळला तर प्लंबर मिळत नाही आणि कुणी शहाणा माणूस लग्नाची तारीख धरत नाही. बाबा वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या दिवशी कॅम्पच्या वरच्या कड्यावर एका खडकावर बसत आले होते. यंदा तेही चुकलं, तर हा माणूस खुर्चीत बसेल तो पुन्हा उठणार नाही, ही माझी भीती होती. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. त्याऐवजी दस्ता शोधायला लागले.

डेनीनं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, आपली जास्तीची रायफल देऊ केली होती. बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या बंदुकीनं मारलेलं हरीण दुसऱ्याचंच. ठीक. त्यांची रायफल बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं, म्हणून तसाच दस्ता नवा मिळेना. तेही ठीक. मी आधी काळा प्लास्टिकचा मागवला. पावसात फुगत नाही, थंडीत वाकत नाही, डेनीच्या मते जगात याहून भारी काही नाही. बाबांनी बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "डबा आहे हा. यात बटाट्याचं सॅलड भर आणि सहलीला ने."

मग आणला तो लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला, हिरव्या आणि तपकिरी पट्ट्यांचा. मजबूत, जड, हातात भरणारा. बाबांच्या मते ती विदूषकाची विजार होती. कड्यावरची हरणं हसून मरतील, गोळीची गरजच पडणार नाही, असं म्हणाले. त्या आठवड्यात ते बोलले असं एवढंच.

तिसऱ्यासाठी मी स्वतः निघाले. दोन जिल्हे ओलांडून, एका अग्निशमन केंद्राच्या दालनात जुन्या बंदुकांचा बाजार भरतो तिथं, एका म्हाताऱ्याच्या टेबलाखालच्या खोक्यात मला हवा तो मिळाला. अस्सल अक्रोडाचं लाकूड, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, आणि जवळपास त्याच वयाचा. परत येताना गाडीत मी एकटीच गाणं म्हणत होते. घरी नळी त्यात चपखल बसली. बाबांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, डोकं वर केलं, तिरकं केलं, पुन्हा टेकवलं आणि खाली ठेवली. म्हणाले, गाल खाली जातो. मी गालाखाली चामड्याची पट्टी बांधली. म्हणाले, आता वर येतो. अर्धी पट्टी काढली. म्हणाले, काहीतरी चुकतंय.

त्यावर मी तो टेबलावर आपटला होता.

गावातल्या प्रत्येकाला या विषयात मत होतं. पेट्रोल भरताना, पोस्टात, रविवारी प्रार्थना संपल्यावर पायऱ्यांवरसुद्धा मला कुणीतरी गाठायचं. कुणी सांगायचं दस्ता लांब असेल, वय झालं की हात आखडतात. कुणी म्हणायचं खांद्याची रबरी गादी बदल. नॉर्बर्ट वोल्स्की, बाबांचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणाला की अक्रोडाशिवाय काहीही लावलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. माणूस बदलला असेल, असं मात्र कुणालाच सुचलं नाही. आमच्याकडे नेम चुकला की दोष वाऱ्याचा, गोळ्यांचा, दुर्बिणीचा किंवा लाकडाचा. माणसाच्या डोळ्याबद्दल विचारणं म्हणजे त्याच्या बायकोबद्दल विचारण्यासारखं आहे.

आणि बाबांचा नेम चुकला होता. गेल्या मोसमात, पहिल्याच दिवशी. त्यामुळेच मी एवढी हट्टाला पेटले होते. आमच्या कॅम्पची रीत अशी, की गोळी झाडून हरीण सुटलं तर संध्याकाळी सगळ्यांसमोर शर्टाचं मागचं टोक कापायचं. त्या तुकड्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो शेगडीच्या वरच्या भिंतीवर ठोकायचा. ती भिंत चौकड्यांच्या कापडांनी भरून गेली आहे. पण एकदा तुकडा ठोकला की विषय संपला. कुठं चुकला, कसा चुकला, कशावर झाडली होतीस, हे त्यानंतर कुणी विचारत नाही. माणसाला आणखी लाजवू नये म्हणून ती रीत आहे, आणि मला ती नेहमी फार शहाणपणाची वाटत आली.

गेल्या मोसमापर्यंत बाबांचा तुकडा त्या भिंतीवर कधीच नव्हता. नेम चुकला त्या सकाळी मी त्यांच्यासाठी गरम सूप आणि सँडविच घेऊन कड्यावर चालले होते. वाटेतच त्यांच्या रायफलीचा आवाज आला, आणि मला वाटलं, झालं, म्हाताऱ्यानं पाडलं. हसत हसतच वर पोचले. बाबा खडकावर बसले होते, रायफल मांडीवर आडवी. मी विचारलं लागलं का, ते म्हणाले चुकलं. संध्याकाळी कात्री मीच हातात घेतली. मी कापलाही चांगला मोठा तुकडा, पार कंबरेपर्यंत. टाळ्या पडल्या. बाबा मुकाट उभे होते. मला वाटलं मानी माणूस आहे, मनाला लागलं असेल. म्हणून यंदा त्यांना त्यांच्याच रायफलीनं एक हरीण मिळावं, आणि ते रुसणं संपावं, एवढंच मी धरून बसले होते.

शेवटी मी मर्ल बिडलॅककडे गेले. नदीपलीकडे, स्वतःच्या घरामागच्या शेडमध्ये तो बंदुका दुरुस्त करतो. त्याला कमी ऐकू येतं आणि स्वतःचा आवाज जास्त आवडतो. त्याला सगळं रामायण सांगावं म्हटलं तर त्यानं अर्ध्यातच तोडलं.

"पोस्टानं दस्ता मागवतेस? उद्या कवळी मागवशील पोस्टानं," तो म्हणाला. "एल्वुडला घेऊन ये."

त्यानं अक्रोडाचा एक अर्धवट कोरलेला ठोकळा काढला. नळी बसेल इतकं आतलं काम झालेलं, बाहेरून ओबडधोबड. बाबांच्या अंगाला बेतून तो हा उरलेला भाग तासणार होता. तासायची रीत सोपी होती. बोल्ट काढून बाजूला ठेवायचा, त्याशिवाय गोळी सुटत नाही, म्हणजे रायफल निव्वळ काठी. मग बाबांनी डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल जिथं आपसूक पडेल तिथं पडू द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. लाकूड मापाचं असेल तर दुर्बिणीतली फुली बरोबर समोर दिसते. नसेल तर मर्ल तासतो नाहीतर पातळ तुकडा चिकटवून चढवतो.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दर शनिवारी मी बाबांना नदीपलीकडे न्यायची. रात्रीची गाडी चालवणं त्यांनी आधीच सोडलं होतं, समोरच्या दिव्यांची तिरीप सहन होत नाही म्हणून. आता तर दिवसाही मलाच गाडी चालवायला सांगायचे. तिथं गेलं की तेच. डोळे मिटून रायफल लावली की ती सुरेख बसायची. डोळे उघडले की बाबांची मान वळायची. गाल उचलायचा, डोकं डावीकडं कलायचं आणि ते म्हणायचे, नाही. मर्ल गालाची जागा चढवायचा. पुढच्या शनिवारी ते म्हणायचे, जास्त झाली. तो उतरवायचा. मग म्हणायचे, मूठ जाड आहे. मूठ बारीक केली की खांद्याला टोचायची.

मर्लचाही जीव मेटाकुटीला आला होता. मला बाहेर घेऊन तो म्हणाला, की पन्नास वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही, तुझ्या बापाची मान दर वेळी नव्या ठिकाणी येते. मी म्हटलं, मुद्दाम करताहेत ते. ते खरंच मुद्दाम करताहेत असं मला वाटत होतं, आणि परत येताना मी त्यांना तसं तोंडावर म्हटलंही. म्हटलं, बाबा, तुम्हाला जायचंच नाहीये का? ते म्हणाले, नद्यांना पाणी कमी आहे यंदा. मी रेडिओ मोठा केला.

थँक्सगिव्हिंग आठवड्यावर आला. त्या शनिवारी मी निघतानाच ठरवलं होतं, की आज दस्ता ठरल्याशिवाय शेडमधून कुणी बाहेर पडणार नाही. मर्लनंही बहुधा तेच ठरवलं होतं. त्यानं लाकूड रेशमासारखं घासून आणलं होतं, तेल तेवढं लावायचं राहिलं होतं. इतका देखणा दस्ता मी कधी पाहिला नव्हता. बाबांनी त्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला.

मर्ल म्हणाला, आज वेगळं करू. एल्वुडच्या बोलण्यावर नको, डोळ्यावर जाऊ. तो स्वतः बाबांच्या बाजूला कागदाच्या पट्ट्या घेऊन उभा राहणार होता, गालाखाली सरकवायला. मला त्यानं शेडच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी जाऊन उभं राहायला सांगितलं. नळीच्या अगदी समोर. तिथून दुर्बिणीच्या काचेत बाबांच्या डोळ्याची बाहुली दिसेल. ती मधोमध आहे की वरखाली, एवढं मी सांगायचं. बोल्ट त्यानं टेबलावर ठेवला, नळीतून आरपार बघितलं आणि मलाही बघायला लावलं. मी जाऊन भिंतीशी उभी राहिले.

बाबांनी डोळे मिटले, रायफल उचलली, खांद्याला लावली. मग डोळे उघडले आणि ती खाली केली.

"तिला तिथून बाजूला कर," ते मर्लला म्हणाले.

मर्लनं हातानं टेबलावरचा बोल्ट दाखवला. म्हणाला, झाडू जेवढा धोकादायक तेवढीच ही. बाबा म्हणाले, माहीत आहे. पण रायफल वर गेली नाही. मला आता राहवेना. इतक्या महिन्यांची सगळी वाफ डोक्यात गेली होती.

"बाबा, उचला," मी ओरडले. "माझ्याकडे बघा आणि उचला. आज मला हे संपवायचंय."

त्यांनी उचलली. अर्ध्यावर आली आणि नळी हलायला लागली. आधी थोडी, मग इतकी की मर्लनं हात पुढं करून ती धरली. बाबांनी रायफल मर्लच्या हातात दिली, टोपी घेतली, आणि दार उघडं टाकून बाहेर गेले.

मी मागोमाग गेले ते भांडायलाच. ते ट्रकमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर बसले होते, पट्टासुद्धा लावून. मी आत बसले, दार आपटलं आणि तोंड उघडणार, तेवढ्यात ते बोलले.

"गेल्या वर्षी हरीण नव्हतं, डार्लीन."

मी म्हटलं, कुठं नव्हतं?

"मी झाडली तिथं. तू होतीस."

मला काही कळलं नाही. मग ते समोरच्या काचेकडे बघत हळूहळू सांगत गेले. दोन वर्षं त्यांना मधोमध बघितलं की धुक्याचा गोळा दिसतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. मान तिरकी केली तर जमतं, म्हणून तसंच चालवत होते. त्या सकाळी खालच्या झाडीत काहीतरी तपकिरी हललं. त्यांना हरणाचा खांदा दिसला. दिसला असं वाटलं. त्यांनी चाप ओढला, मग मान तिरकी केली, आणि तेव्हा माझं नारिंगी जाकीट दिसलं, कुणी चुकून गोळी झाडू नये म्हणून मोसमात घालतात ते. मी मधेच कुठंतरी खाली वाकले होते. बुटाची नाडी सुटली होती की काय, मला आता आठवतही नाही.

"दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं मी," ते म्हणाले. "गोळी झाडात बसली होती. तुझ्या टोपीच्या उंचीवर."

माझे हात स्टिअरिंगवर होते, ते तिथंच ठेवले. मरणाची भीती वाटायला एवढा उशीर होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. आणि भीतीच्या मागोमाग राग आला, तो गोळीचा नव्हता. वर्षभर हा माणूस माझ्यासमोर टोस्ट खात होता आणि गप्प होता. मी याला दर शनिवारी नदीपलीकडे नेत होते, पुन्हा त्याच खडकावर बसवायला. मी तेच म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं. का नाही सांगितलं?

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "त्याच संध्याकाळी, सगळ्यांना. मी उभा राहिलो, आणि तू कात्री घेऊन आलीस. सगळे हसायला लागले."

मग म्हणाले, रायफल विसरून गाडी मागे घेतली नव्हती. दस्ता तेवढा चाकाखाली येईल अशी रायफल नीट ठेवून मगच गाडी मागे घेतली होती. वाटलं, लाकूडच नसेल तर प्रश्नच मिटला. पण मी बया त्यांची पाठ सोडीना.

मर्ल एकदा दारात येऊन गेला. मी बाबांचा हात धरला नाही की काही नाही, आमच्यात तसं नसतं. मी गाडी सुरू केली. वाटेत म्हटलं, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. ते बरं म्हणाले. मग म्हटलं, कॅम्पला जायचंच. रायफल नसली तर नसली. मी सांगेन की दस्ता वेळेत झाला नाही, मर्लवर ढकलू, त्याला कुठं ऐकू येतं. तेव्हाही ते बरं म्हणाले, आणि मला वाटलं, एवढ्यावर निभावलं.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅम्पमध्ये सगळे जमले. शेगडी पेटली होती, उरलेल्या टर्कीचा रस्सा उकळत होता. रायफली दाराशेजारच्या मांडणीवर रांगेनं उभ्या होत्या, आणि त्या रांगेतली बाबांची जागा रिकामी होती. डेनीनं ते पाहिलं आणि विचारलं. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, की दस्ता झाला नाही.

मग काय, सगळ्यांना कंठ फुटला. मर्ल पहिल्यापासूनच दिरंगाईचा, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, प्लास्टिकचा घेतला असता तर ही वेळच आली नसती. त्यावर नॉर्बर्टनं प्लास्टिकला शिव्या दिल्या. गालाची उंची, मुठीचा बाक, तेल की वॉर्निश, चमचे हातात घेऊन सगळे भांडत होते. इतके महिने जे मी रस्त्यात ऐकलं, ते सगळं एका खोलीत पुन्हा ऐकताना माझ्या कानातून धूर निघायचा बाकी होता. डेनी उठला, त्यानं आपली जास्तीची रायफल मांडणीवरून काढली आणि बाबांच्या पुढ्यात धरली.

"घ्या काका," तो म्हणाला. "अगदी तुमच्या मापाची आहे. नाही म्हणायचं नाही."

सगळ्यांनी टेबलावर मुठी आपटून गजर केला. बाबांनी रायफल हातात घेतली नाही. ते उभे राहिले. आणि मला जसं सांगितलं होतं तसंच सांगितलं, धुक्याच्या गोळ्यापासून झाडातल्या गोळीपर्यंत. फार तर दोन मिनिटं लागली असतील.

मला वाटलं होतं आता कुणी काही बोलणार नाही. पण ते बोलले. देवानं तोंड दिलंय म्हणून बोलले. डेनी म्हणाला, काका, दुर्बीण हलली असेल, तिला धरणाऱ्या जुन्या कड्यांचा भरवसा नसतो. कुणी म्हणालं, त्या दिवशी धुकं होतंच की सकाळी, मला आठवतंय. कुणी म्हणालं, दस्ता बदलला की बघा कसा फरक पडतो. कुणी माझ्याकडे बघून म्हणालं, ही उभी आहे ना धडधाकट, मग झालं तर. ते प्रेमानं बोलत होते, म्हणूनच मला त्यांच्या डोक्यात रश्श्याचं पातेलं घालावंसं वाटत होतं.

"दुर्बीण चांगली होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "लाकूड चांगलं होतं. मी माझ्या मुलीवर गोळी झाडली, आणि तुम्ही माझा शर्ट कापलात."

डेनीला हातातली रायफल कुठं ठेवावी कळेना.

नॉर्बर्ट टेबलाच्या टोकाला बसला होता. तो उठला, गुडघे धरत मांडणीपाशी गेला आणि त्यानं आपली रायफल खाली काढली. मला वाटलं, हा आता चालता होणार. पण त्यानं तिचा बोल्ट मागे ओढला, काढला, रायफल जागेवर ठेवली, आणि परत येऊन तो बोल्ट बाबांच्या बशीशेजारी ठेवला. मग खुर्चीत बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. त्याच्याही शर्टाचा तुकडा गेल्या मोसमात भिंतीवर गेला होता, बाबांचा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोही माणूस सहसा चुकत नसे, आणि तेव्हाही आम्ही पोट धरून हसलो होतो.

बाबांनी बोल्टाकडे पाहिलं, मग मान तिरकी करून नॉर्बर्टकडे पाहिलं. त्या खोलीत आजवर कुणी कुणाला जे विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"तू कशावर झाडली होतीस, नॉर्बर्ट?"

"मला माहीत नाही, एल्वुड," तो म्हणाला. "बघायला गेलोच नाही मी."